मशीद स्थानकाजवळची ‘मशीद’

वाचकहो, आपण कधी मुंबईस आलात, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून उपनगरी गाडीत बसावे आणि पहिल्याच स्थानकावर उतरावे. स्थानकाचे नाव मशीद. हे नाव ज्या प्रार्थनास्थळावरून पडले असे मानतात, ते मुसलमानांचे नसून यहुद्यांचे आहे. कोकणातील बेने इस्राईल लोक आपल्या सिनेगॉगला ‘मशीद’ असेच म्हणत आले आहेत.

गाडीत शेजारच्या गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा ते हसले. “यहुदी आणि मुसलमान? अहो, त्यांचे तर हाडवैर!” आणि उतरताना, त्या गल्ल्यांत पाकीट सांभाळा, असा सल्लाही त्यांनी दिला. खरे सांगायचे तर माझाही हात क्षणभर खिशाकडे गेला.

असली मते आपण कोठून गोळा करतो, कोण जाणे! यहुदी म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांना शाळेत भेटलेला शायलॉक आठवतो. इकडे कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, खराखुरा यहुदी पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळीत होता. शनिवारी तो घाणा बंद ठेवी, म्हणून गावाने त्याला ‘शनवार तेली’ म्हटले. आडनावे दिवेकर, पेणकर, किहीमकर. घरची भाषा मराठी.

मांडवीतील सॅम्युएल स्ट्रीटवर हे सिनेगॉग आहे. त्याचे नाव शाआर हारहमीम, अर्थात दयेचे द्वार. कंपनी सरकारच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर, ऊर्फ सॅम्युएल इझिकेल, दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. बेने इस्राईलांत परंपरेने सांगतात की, कैद्यांना त्यांची जात विचारली गेली आणि ‘बेने इस्राईल’ हे उत्तर टिपूच्या मातोश्रींच्या कानी गेले. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते लोक हेच, हे जाणून त्यांनी दया करण्याविषयी रदबदली केली. कथेचा तपशील इतिहासकारांनी पारखावा; मला त्यातला तो साधा प्रश्न मोलाचा वाटतो. सुटून आल्यावर दिवेकरांनी 1796 साली मुंबईतील हे पहिले सिनेगॉग उभारले. सध्याच्या जागी ते 1860 मध्ये आले.

आता दाराशी पोलीस असतात. नोव्हेंबर 2008 मध्ये दहशतवाद्यांनी कुलाब्यातील नरिमन हाउस या यहुदी केंद्रातही माणसे मारली, त्यानंतरची ही दक्षता. त्याच वेळी बडा कब्रस्तानच्या मुस्लिम विश्वस्तांनी ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या भूमीत दफन करण्यास साफ नकार दिला होता. ही गोष्ट हल्ल्याइतकी कोणाच्या स्मरणात राहिली नाही.

आत एक वृद्ध गृहस्थ भेटले. अस्सल कोकणी मराठीत त्यांनी हकीकत सांगितली. 1948 नंतर पुष्कळ कुटुंबे इस्रायलला गेली, काही ठाण्याकडे सरकली. सामूहिक प्रार्थनेस दहा पुरुष लागतात, तेवढे जमणे आता जड जाते. मग गोष्ट मलिद्यावर आली आणि त्यांचा चेहरा खुलला. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, वर फळे. शुभकार्यात हे ताट एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने मांडतात. मुसलमान ज्यांना इलियास पैगंबर म्हणतात, ते हेच.

बाहेर आलो. समोरच्या दुकानातील मुस्लिम गृहस्थांनी येताना मला वाट दाखवली होती. त्यांनी आपण होऊन विचारले, “आत काय असते हो? तीस वर्षे येथे बसतो, पण कधी गेलो नाही. बरे दिसेल की नाही, असे वाटते.”

मी मलिद्याचे सांगितले. ते चकित झाले. “मलिदा? आमच्याकडे दर्ग्यावर करतात तो? पोह्यांचा?” थोडे थांबून त्यांनी विचारले, “साखर घालतात की गूळ?”

ते विचारायचे माझे राहूनच गेले होते. मी त्यांना म्हटले, म्हातारबाबा अजून आतच बसले आहेत. त्यांनी पोराला गल्ल्यावर बसवले, टोपी नीट केली आणि ते रस्ता ओलांडू लागले.