पाण्याखालचा मैलाचा दगड

स्पर्धा परीक्षेचं कुठलंही गाइड उघडा. आधुनिक महाराष्ट्राचे मैलाचे दगड एका पानात उरकलेले असतात. १ मे १९६० ला राज्य झालं, १९६२ मध्ये कोयनेची वीज आली, वगैरे वगैरे. ज्या मुळशीत आपण चार वर्षं मेसचं जेवण पचवतो, ती फार तर ‘जोड्या लावा’मध्ये भेटते : मुळशी सत्याग्रह – सेनापती बापट. दोन मार्क, विषय संपला! माझ्या मते हा दगड त्या पानावर सगळ्यात वर हवा.

सेनापती बापट रोडवरून आपण शंभरदा जातो, पण हा सेनापती कुठल्या फौजेचा हे कोणी विचारत नाही. फौज होती इथल्याच मावळ्यांची. आणि पांडुरंग महादेव बापट मुळात आपल्याच जातकुळीतले, स्कॉलरशिपवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले. तिथे इंग्रज सरकारविरुद्ध बोलले म्हणून स्कॉलरशिप गेली. (आपली अटेंडन्सवरून जाते.)

टाटांची स्कीम इंजिनिअरच्या नजरेने बघितली तर लाजवाब आहे. मुळा नदी पूर्वेला वाहते. तिला इथे अडवायचं, पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे न्यायचं आणि पाइपांतून खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं. सुमारे पाचशे मीटरचा हेड! पेल्टन व्हीलला आणखी काय हवं? १९२७ साली पॉवरहाउस सुरू झालं आणि वीज निघाली मुंबईला.

व्हायवात हेड विचारतात, डिस्चार्ज विचारतात. तलावाच्या तळाशी काय आहे, हे नाही विचारत. तिथे आंबेमोहोराची खाचरं होती, घरं होती, देवळं होती. या लढ्यात बावन्न गावांचा उल्लेख येतो. सरकारने एका खाजगी कंपनीसाठी १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, शेतकरी बायकामुलांसकट धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन!’ बापटांबरोबर विनायकराव भुस्कुटे होते. पण बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर. कसणाऱ्याला जमीन हवी होती, सावकाराला भरपाई चालणार होती. मला वाटतं, लढा आतून तिथेच पोखरला गेला. १९२४ मध्ये बापटांनी कामावरची रेल्वेगाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली आणि सगळं थंडावलं. त्याच बापटांच्या हातून १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकला, तेव्हा मुळशीच्या खाचरांवर पाणी होतं.

हरलेल्या लढाईला कोण मैलाचा दगड म्हणतं, असं रूममेट म्हणाली. मी तिला नॉर्वेचं सांगितलं. १९०५ ला स्वीडनपासून वेगळा झालेला, म्हणजे तसा तरुणच देश. तिथे अगदी उत्तरेला आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी लोक १९७९ पासून भांडले आणि हरले. धरण झालंच. पण १९८९ मध्ये सामींची स्वतःची संसद सुरू झाली आणि तिची गोष्ट आल्टापासूनच सांगतात. आपल्याकडे धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ चा. मुळशी थंडावली त्याला तोवर ५२ वर्षं झाली होती.

आमच्या मेसच्या एका मावशींचं सासरचं गाव त्या पाण्याखाली आहे. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ते फक्त सासूच्या तोंडून ऐकलंय. मे महिन्यात पाणी उतरलं की जुनी जोती वर येतात, असं त्या सांगतात.

पुढच्या वर्षी कॅम्पसला पॉवर कंपन्या येतील. माझी ब्रँच इलेक्ट्रिकल, मी फॉर्म भरणार. मावशींना तसं सांगितलं, जरा घाबरतच. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “भर की गं बाळा. फक्त तिकडं लागलीस की इचार त्यांना, उन्हाळ्यात पाणी अजून थोडं खाली सोडता येतं का. आजेसासऱ्याचं जोतं एकदा बघायचंय.”