गराजमधलं टेबल

आमच्या गराजमध्ये गाडी सोडून सगळं काही मावतं. बायकोच्या मते त्यातलं निम्मं टाकून देण्याच्या लायकीचं आहे, आणि त्या यादीत पहिला नंबर होता एका पाइनच्या टेबलाचा. 2004 साली एम.एस. करायला ओहायोत आलो, तेव्हा रस्त्याच्या कडेला कुणीतरी टाकलेलं हे टेबल मी आणि माझ्या रूममेटनं उचलून आणलं होतं. जेवणाची ताटं, असाइनमेंट्स आणि भारतात फोन करायची कॉलिंग कार्ड्स त्यावर गुण्यागोविंदानं नांदली. पुढे नोकरी, लग्न, न्यू जर्सी... टेबल आपलं मागोमाग आलं.

यंदा लेक म्हणाली, "बाबा, मला माझ्या खोलीत हेच टेबल हवं. पण डार्क ब्राऊन!" झालं! आयटीवाल्याला रिक्वायरमेंट मिळाली. लेबर डेच्या तीन दिवसांच्या सुट्टीत काम फत्ते, अशी मी घोषणा करून टाकली.

जुनं व्हार्निश 80 नंबरच्या पॉलिशपेपरनं खरवडून काढलं, स्टेनचा डबा उघडला आणि थेट ब्रश मारला. अर्ध्या तासात टेबलावर वांग आल्यासारखे काळे डाग उमटले. शिवाय पॉलिशपेपरचा प्रत्येक ओरखडा ठसठशीत दिसू लागला. बायको दारातून डोकावली आणि काही न बोलता आत गेली. ते बोलण्यापेक्षा वाईट!

सोमवारी हार्डवेअरच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना फोटो दाखवला. ते हसले आणि त्यांनी माझी शाळाच घेतली. पेंट खालचं सगळं झाकतो. स्टेन लाकडात मुरतो आणि खालचं सगळं दाखवतो. पाइनचं लाकूड कुठे मऊ, कुठे टणक. मऊ भाग रंग ढसाढसा पितो, म्हणून डाग. आधी 80, मग 120, मग 180 नंबर, एकही पायरी न गाळता, आणि घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच. मग धूळ पुसून शेलॅकचा एक पातळ हात द्यायचा, म्हणजे लाकडाची तहान अर्धी भागते आणि रंग सारखा बसतो.

घरी येऊन डबा उघडला. त्यातल्या स्पिरिटचा वास नाकात शिरला आणि मी क्षणात सदाशिव पेठेत पोचलो. शेलॅक म्हणजे आपली लाख! पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी. आजही ती झारखंड-छत्तीसगडकडे मोठ्या प्रमाणावर निघते. आमच्या बाबांचं सागवानी टेबल होतं. दर चार-पाच वर्षांनी दिवाळीच्या आधी पॉलिशवाले काका यायचे आणि कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून लाखेचे हात देत बसायचे. मला पॉलिशपेपरचा तुकडा देऊन म्हणायचे, "बाळ, रेषेरेषेनं घास." म्हणजे जे ऐकायला मी चाळिशी उलटल्यावर हार्डवेअरच्या दुकानात गेलो, ते मला आठव्या वर्षीच कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

त्या टेबलावर एक पांढरी गोल खूण होती. मीच एकदा गरम चहाचा पेला ठेवला होता. लाखेच्या पॉलिशला उष्णता सोसत नाही. बाबा रागावले होते, पण ती खूण त्यांनी पुढच्या पॉलिशपर्यंत तशीच ठेवली.

बाबा 2016 मध्ये गेले. दोन वर्षांनी आमची इमारत पुनर्बांधणीला गेली. आईनं फोनवर विचारलं, "टेबलाचं काय करू रे?" मी दोन मीटिंगांच्या मध्ये होतो. म्हटलं, "देऊन टाक जुन्या फर्निचरवाल्याला." आईनं दिलं. परक्याचं टाकलेलं टेबल मी चौदा वर्षं सांभाळलं होतं, आणि बाबांचं टेबल एका मिनिटात देऊन टाकलं.

मग मात्र मी घाई केली नाही. पुन्हा पहिल्यापासून घासलं. शेलॅक वाळल्यावर अलगद पॉलिशपेपर फिरवला, स्टेन लावला, दहा मिनिटांनी जास्तीचा रंग पुसून घेतला. (एक सूचना: तेलाच्या स्टेनची फडकी कधीही गोळा करून ठेवू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटही घेतात. मी माझे जुने बनियन कुंपणावर पसरून वाळवले. शेजाऱ्यांना वाटलं, आमचा ड्रायर बिघडला!) शेवटी पॉलियुरेथेनचे तीन हात दिले. तीन दिवसांच्या कामाला चार वीकेंड लागले. बायको म्हणाली, "बरं दिसतंय हं." आमच्याकडे हे पारितोषिकच.

पहिल्याच रात्री लेकीनं त्यावर गरमागरम कोकोचा मग ठेवला. मी ओरडणार, तोच तिनं मग उचलला. टेबल लखलखीत होतं, डागाचा मागमूसही नव्हता.

खरं सांगतो, थोडं वाईटच वाटलं.