न्यूटसाठी बंद असलेला रस्ता

बर्कलीच्या डोंगरावरच्या टिल्डन पार्कात साउथ पार्क ड्राइव्ह नावाचा एक वळणावळणाचा रस्ता आहे. ग्रिझली पीकच्या धारेवरून तो खाली उतरतो. दर वर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च तो मोटारींना बंद! कारण? न्यूट!

न्यूट म्हणजे सॅलमॅन्डरच्या कुळातला, दिसायला पालीसारखा, जेमतेम वीतभर प्राणी. पाठ तपकिरी, पोट केशरी. खरं नातं बेडकाशी, पण याची शेपूट जन्मभर टिकते. आपल्या सह्याद्रीत बेडूक उदंड, न्यूट मात्र नाही. भारतात त्याचे भाऊबंद थेट दार्जिलिंग-मणिपूरकडे. इथला कोरडा उन्हाळा तो ओंडक्यांखाली नि बिळांत काढतो. पाऊस सुरू झाला की अंडी घालायला पाण्याकडे निघतो. चाल इतकी संथ की मोटार आली तरी पळणं जमत नाही.

इथे आलेल्या आमच्या आबांना हे पटेना. "एवढ्याशा पालीसाठी पाच महिने रस्ता बंद? तुमच्याकडे पैसा जास्त झालाय!"

जानेवारीतल्या एका ओल्या सकाळी आम्ही सगळे त्या रस्त्याने चालत गेलो. तासाभरात मुलांनी अकरा न्यूट मोजले. हात मात्र लावू दिला नाही. कातडीत टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे पफर माशातलं जहाल विष! १९७९ साली ओरेगॉनमध्ये याच्याच जातभाईला एकाने पैजेखातर गिळलं आणि तो प्राणाला मुकला. गार्टर साप तेवढे हे विष पचवतात. पण चाकापुढे विष काय कामाचं?

"मग दुसऱ्या बाजूला नेऊन सोडा की," आबा म्हणाले. तेही करून झालंय. स्टॅनफर्डच्या व्हिक्टर ट्विटींनी १९५०-६०च्या दशकांत सोनोमा काउंटीतले न्यूट उचलून दूरच्या ओढ्यांत सोडले. पुष्कळसे डोंगर ओलांडून आपल्याच ओढ्यात, त्याच टप्प्यात परतले!

थोडक्यात, त्यांची वाट बदलत नाही. आपली बदलता येते. आम्हा इंजिनियर मंडळींना लगेच पूल-बोगदे सुचतात. इथे एका फाटकावर भागलं. आपल्याला फक्त वळसा.

आबा यावर काही बोलले नाहीत. पण परतताना काठी टेकवण्याआधी खाली पाहू लागले.

मंडळी, पाऊस पडून गेला की मुलांना घेऊन जरूर जा. गाडी खाली ठेवा, सावकाश चाला, नजर जमिनीकडे असू द्या.