तीच ती बंदूक

गेल्या पावसाळ्यात दादा रजेवर आला. आमच्या घराण्यात फौजेत गेलेला तो पहिला आणि कॉलेजात आलेला मी पहिला. रात्री जेवणे झाली की ओटीवर आमच्या गप्पा रंगत आणि नाना विडी ओढत ऐकत बसत. एके रात्री दादा म्हणाला, "आम्हांला नवी रायफल मिळाली. इन्सास गेली, एके-२०३ आली." सांगताना त्याचे डोळे चमकत होते. मी तर एन.सी.सी.च्या कॅम्पात पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्या झाडून आलेला वीर! मला त्याचा हेवा वाटला.

त्या हेव्यापोटीच मी ग्रंथालयात शिरलो. या रायफलीचे मूळ रशियात आहे. मिखाईल कलाश्निकोव्ह हा १९१९ साली जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. १९३० मध्ये त्याच्या कुटुंबाला सैबेरियात हद्दपार केले गेले. इंजिनिअरची पदवी त्याच्यापाशी नव्हती. १९४१ मध्ये रणगाड्यावर लढताना तो जखमी झाला आणि इस्पितळात पडल्या पडल्या त्याने बंदुकीचे आराखडे काढायला घेतले. पुढे १९४९ साली त्याची एके-४७ सोव्हिएत सैन्याने स्वीकारली. भागांमध्ये थोडी मोकळीक ठेवल्यामुळे चिखल-वाळू गेली तरी ती सहसा अडत नाही. हे वाचून दाखवले तेव्हा नाना म्हणाले, "मग आपल्या जुन्या इंजिनासारखीच की!"

सोव्हिएत संघाने मित्रदेशांना ती बनवू दिली. चीन १९५६ पासून बनवू लागला. पोलंड, रुमानिया, बल्गेरिया, पूर्व जर्मनी यांनीही तीच वाट धरली. मोझांबिकच्या १९८३ च्या राष्ट्रध्वजावर तर तिचे चित्रच आहे. आज या घराण्यातील सुमारे दहा कोटी बंदुका जगात असाव्यात, असा अंदाज आहे. आपल्या सरकारनेही २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ साठी करार केला. अमेठीजवळ कोरवा येथे त्या तयार होतात.

वाचताना छाती फुगत होती. एका शेतकऱ्याच्या पोराने जगातल्या सैन्यांच्या खांद्यावर आपली वस्तू दिली! आणि मग मला आमच्याच जावळी तालुक्यातले केडंबे आठवले.

केडंब्याचे तुकाराम ओंबळे मुंबई पोलिसांत होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हाती फक्त लाठी होती. समोरच्या हल्लेखोराच्या हाती एके-४७. ओंबळ्यांनी तिची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळेच कसाब जिवंत सापडला. तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. पण ही गोष्ट ऐकतच आमची पिढी वाढली.

म्हणजे दादाच्या हातातली आणि त्या हातातली एकाच घराण्यातली! शिकायला सोपी, टिकायला चिवट, म्हणून सैन्यांनी ती घेतली. पण सोपी असली की ती कोणालाही सोपीच ना? २०१३ मध्ये वारण्यापूर्वी म्हाताऱ्या कलाश्निकोव्हने रशियाच्या धर्मगुरूंना पत्र लिहिले. माझ्या बंदुकीने माणसे मेली, तर त्या मृत्यूंचा दोषी मी आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न त्याने विचारला होता. शस्त्र मातृभूमीच्या रक्षणासाठी असेल तर चर्चचा त्याला पाठिंबा असतो, असे चर्चने सांगितले. ते उत्तर वाचून माझे काही समाधान झाले नाही.

रजेच्या शेवटच्या रात्री दादा ट्रंक भरत होता. मी विचारले, "समोरच्याच्या हातीही हीच असते ना?"

"बहुतेक वेळा," तो म्हणाला. थोडा वेळ घडी घातलेला शर्ट तो पुन्हा पुन्हा दाबत राहिला. मग म्हणाला, "खोलायला-जोडायला लवकर येते रे. पण पहिल्या दिवशी काय शिकवतात, ठाऊक आहे? हुकूम होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. ते मात्र रोज शिकावं लागतं."

आईने ट्रंकेत चटणीची बरणी ठेवली आणि कडी लावली.