आण्णांचा कान

आमच्या आण्णांना गाडीचे दुखणे कानाने कळते. सातारा रस्त्यावर एस.टी. थांब्याच्या बाजूला त्यांचे गॅरेज आहे. गॅरेज कसले, वर चार पत्रे, आत एक लाकडी फळी आणि पुढे सांडलेल्या ऑइलने काळी झालेली जमीन. गिऱ्हाईक फाट्यावर वळले, की हातातले काम न सोडता आण्णा पुटपुटतात, "टायमिंग चेन वाजतीय." दुखणे फारच अवघड असले, तर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवतात आणि त्याची मूठ कानाशी धरतात. डॉक्टर छातीला नळी लावतात तसेच! लहानपणी मला वाटे, आतले इंजिन आण्णांशी काही बोलत असावे.

अशा माणसाच्या घरात माझा दादा जन्मला. तो आय.टी.आय. करून पुण्याला एका वर्कशॉपमध्ये लागला. तिथे पेट्रोलच्या मोटारसायकली विजेवर चालवण्याजोग्या करून देतात. दर सुट्टीला येऊन तो आण्णांच्या 2014 सालच्या स्प्लेंडरकडे बघे आणि आण्णा त्याच्याकडे बघत. "माझ्या गाडीला काय धाड भरलीय?" एवढे एकच वाक्य बोलून ते विषय संपवीत.

एकदा दादाने कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटांइतकी उष्णता असते. त्यावर आपली गाडी साठ किलोमीटर जाते, म्हणजे एका किलोमीटरला दीडशे वॉट-तास. तेवढ्याच अंतराला विजेच्या मोटरीला तीसच्या आसपास पुरतात. उरलेले कुठे जाते? तर बहुतेक सगळे इंजिनाच्या पंखांतून आणि सायलेन्सरमधून वाऱ्यावर! आण्णा कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं मी सायलेन्सर तापवायला पेट्रोल भरतोय व्हय?" आई हसली, दादा हसला, आण्णा मात्र हसले नाहीत. 2020 नंतरच्या नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला, तेव्हापासून त्यांच्या फळीवरची गर्दी कमी झाली होती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

खरे म्हणजे विजेची मोटर ही काही आजची गोष्ट नव्हे. 1821 साली मायकेल फॅरडेने पाऱ्याच्या भांड्यात चुंबकाभोवती तार फिरवून दाखवली. आण्णांच्या इंजिनाचा मूळपुरुष म्हणजे ऑटोचे चार स्ट्रोकचे इंजिन, ते आले 1876 साली. मी हे वाचून आण्णांना सांगितले, तर ते म्हणाले, "मग इतके दिवस कुठं होती ही?" याचे उत्तर दादाकडे होते. बॅटरी! चांगली बॅटरी नव्हती, म्हणून मोटर थांबून राहिली.

शेवटी आण्णा कबूल झाले ते माझ्यासाठी. मी रोज चौदा किलोमीटरवरून कॉलेजला येते. त्यांनी अट मात्र घातली, "इंजिन मी उतरवणार."

दिवाळीच्या सुट्टीत टेम्पोतून गाडी पुण्याला नेली. घरी जुगाड करून हे काम चालत नाही. संच मान्यताप्राप्त हवा, तो अधिकृत वर्कशॉपमध्येच बसवला पाहिजे आणि आर.टी.ओ.च्या दप्तरी त्याची नोंद हवी. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही.

आण्णांनी ऑइल काढले, पेट्रोलची नळी सोडवली. मग कार्बोरेटर, सायलेन्सर, क्लचची केबल, चेन. प्रत्येक बोल्ट ते डब्याच्या झाकणात ओळीने ठेवत होते. आता हे बोल्ट परत लागणार नाहीत, हे त्यांना सांगायचा धीर दादालाही झाला नाही. शेवटचा बोल्ट निघाला आणि 97.2 सीसीचे ते इंजिन आण्णांनी दोन्ही हातांनी खाली घेतले. रॉकेलच्या फडक्याने पुसले. मग पोत्यात गुंडाळून बाजूला ठेवले.

सांगाडा उरला. आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांनी वर्गात 'मिलिंदपञ्ह' सांगितला होता, तो मला तिथे आठवला. नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? इंजिनाच्या जागी बॅटरीची पेटी बसली, मागच्या चाकाच्या मध्यातच मोटर आली, चेन गेली, किक गेली, गिअर गेले. मग ही आण्णांचीच गाडी का? आर.टी.ओ.ने 'हो' म्हटले. नंबर तोच राहिला, पाटी मात्र हिरवी झाली.

पहिल्या दिवशी मी कॉलेजहून परतले, फाट्यावर वळले आणि सरळ गॅरेजसमोर येऊन उभी राहिले. आण्णा पाठमोरे बसले होते. मी "आण्णा" म्हणून हाक मारली, तसे ते दचकले.

"कवा आलीस गं?"

आयुष्यात प्रथमच त्यांच्या गाडीचे येणे त्यांना कळले नव्हते. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्या रात्री त्यांनी दादाला फोन केला. "बिघडली तर कळणार कसं?" दादा म्हणाला, कंट्रोलरचा दिवा लुकलुकतो, तो मोजायचा. आण्णांनी फोन माझ्याकडे दिला आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला वाटले, आपण रोजच्या पेट्रोलापायी या माणसाचा कान काढून घेतला.

तीन आठवडे ते गाडीला शिवले नाहीत. एका पहाटे मात्र मी उठले तो गाडी जागेवर नव्हती. ती परत आली तेव्हाही मला कळले नाही. आण्णांचीच हाक आली.

"स्क्रू ड्रायव्हर आण. लांब."

गाडी मधल्या स्टँडवर होती. त्यांनी पुढचे चाक वर उचलून धरायला लावले, हाताने फिरवले आणि टोक आसाला टेकवून मूठ कानाशी धरली. मग ती माझ्या कानाशी दिली. आत बारीक, खरखरीत, दळणासारखा आवाज होता.

"बेअरिंग गेलंय. आजचं न्हाई, दोन वर्षांचं असंल. इंजिनाच्या वरडण्यात ह्याचं कुणी ऐकलंच न्हाई."

दुपारी त्यांनी नवे बेअरिंग घातले.

आपली वीज अजून बरीचशी कोळशावरच होते, तेव्हा मी फार मोठे पुण्य केले असे मला वाटत नाही. इंजिन अजून पोत्यातच आहे, आण्णा ते विकत नाहीत. पण काल संध्याकाळी मी फाट्यावर वळले, वाळूवरून जरा सावकाश आले आणि गॅरेजसमोर थांबायच्या आत पाठमोरा आवाज आला, "मागच्या चाकात हवा कमी हाय."