ठिणगीचा शोध

घरांतील जुन्या वस्तू दोन प्रकारच्या असतात. तांब्याचें घंगाळ पन्नास वर्षें अडगळींत पडलें, तरी चिंच लावून घांसल्यावर पुन्हां उपयोगीं येतें. लोणच्याची बरणी मात्र तितकी वर्षें मिटून ठेवल्यास ती उघडण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. हा साधा भेद मोटारीच्या यंत्रासहि लागू पडतो, असें आमच्या वलगांवच्या घरीं नुकतेंच अनुभवास आलें.

आमचे दादा गेले आणि त्यांची दोन आसनांची एम्. जी. टी. सी. मोटार छपराखालीं उभी राहिली. इंग्लंडांत अ‍ॅबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत अशा सुमारें १०,००० गाड्या झाल्या. त्यांतील एक दादांनीं तरुणपणीं मुंबईस जुनी म्हणून घेतली होती. ती विकावी कीं ठेवावी, यावर घरांत दोन तट पडले. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, चालती असेल तर राहूं द्या. नुसती उभी असलेली मला पाहवत नाहीं.”

गाडी सकाळीं सुरू होई. परंतु यंत्र तापलें कीं पेढी नदीच्या पुलाजवळ बंद पडे. अमरावतीच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं दोष ठिणगींत असल्याचें सांगितलें. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून जात असतां ‘पॉइंट’ नांवाचीं धातूचीं दोन टोंकें एकमेकांपासून दूर होतात. त्याबरोबर कॉइलमध्यें हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगांत ठिणगी पडते. यंत्राचे मिनिटास ३,००० फेरे होत असतां हीं टोंकें ६,००० वेळां उघडतात. उघडतांना प्रवाह तेथेंच उडी घेऊं पाहतो. त्यास क्षणभर आपल्यांत सांठवून घेणारा, बोटाच्या पेराएवढा भाग म्हणजे कंडेन्सर. तो बिघडला कीं ठिणगी दुबळी होते आणि पॉइंट जळतात.

पुतण्यानें एका विक्रेत्याकडून मूळ डबींतला, कधींच न वापरलेला कंडेन्सर भारी किंमत देऊन मिळविला. आठ दिवसांत तोहि गेला आणि ‘विका’ म्हणणारांचा पक्ष प्रबळ झाला. मिस्त्री मात्र हंसले. “गुरुजी, डबी नवी हाय, पण आतला कागद बुढा झाला.” जुन्या कंडेन्सरांत धातूच्या पातळ पत्र्यांमध्यें मेणाचा किंवा तेलाचा कागद असे, तो न वापरतांहि काळानें निकामी होतो. म्हणून पॉइंट जुन्या सांठ्यांतून खुशाल घ्यावे; कंडेन्सर मात्र आजचा घ्यावा. पुतण्यानें सुमारें ०·२ मायक्रोफॅरड मापाचा नवा कंडेन्सर आणून तो यंत्राच्या उष्णतेपासून दूर, कॉइलजवळ बसविला.

पॉइंट काढून टाकून त्यांच्या जागीं आधुनिक चुंबकीय योजना करावी, असेंहि त्याच्या मनांत होतें. ती चालते उत्तम. परंतु वाटेंत बिघडली तर तेथें दुरुस्त होत नाहीं. पॉइंट बारीक कानशीनें साफ करून घरीं तरी येतां येतें. अडचण एवढीच कीं, हें काम जाणणारे हात आतां थोडे उरले. कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रीमियर पद्मिनी गाड्या बाहेर पडत. त्यांवर हात बसलेले मिस्त्री आतां थकले आहेत. इंग्लंडांत एम्. जी. कार क्लब १९३० पासून नांदतो आहे. जगभर पसरलेल्या अशा शौकिनांमुळें सुटे भाग अद्यापि नव्यानें तयार होतात आणि टपालानें येतात. परंतु पॉइंटांतील इंचाच्या शंभराव्या हिश्शाएवढी फट जुळविण्याची विद्या टपालानें येत नाहीं. तीहि वापरांत राहिली तरच टिकते. म्हणून मीं पुतण्यास दर रविवारीं मिस्त्रींकडे बसावयास धाडलें.

दोन महिन्यांनीं त्यानें वहिनींस शेजारीं बसवून परतवाड्याच्या रस्त्यानें फेरी मारली. ऊन कडक होतें, यंत्र तापलें. पण गाडी थांबली नाहीं. विक्रीचा कागद सहीसाठीं येऊन पडला होता. वहिनींनीं तो तसाच परत पाठविला.