दगडांच्या ढिगाऱ्यावर रान

टॉर्चमधल्या साध्या सेलच्या आत काळी भुकटी असते, माहीत आहे ना? (फोडून बघू नका हं!) ती मँगनीजची. पोलादालाही मँगनीज लागतं. आज जाऊया ते जमिनीतून निघतं तिथं.

नागपूरहून सावनेरच्या रस्त्याला लागलं, की कपाशीची शेतं आणि संत्र्याच्या बागा दिसू लागतात. सावनेर तालुक्यात खाप्याजवळ गुमगावची मँगनीज खाण आहे. (नागपूर-वर्धा मार्गावरचं गुमगाव स्टेशन वेगळं बरं का.) १८९६ साली इंग्रजांनी या भागातल्या मँगनीजसाठी कंपनी काढली. १९६२ पासून ते काम 'मॉईल' ही कंपनी बघते.

खाण म्हटलं की खड्डा आठवतो. पण खड्ड्याशेजारी डोंगरही तयार होतो! खनिज मिळवण्यासाठी आधी काढलेला नको असलेला मुरूम-दगड बाजूला रचतात, त्याचा हा डोंगर. त्यावर ना पाणी ठरतं, ना पालापाचोळा. ऊन मात्र नागपुरी! शिवाय मोठा पाऊस आला की वरचा गाळ वाहून खालच्या शेतात जाणार.

मग लावा की झाडं! सोपं वाटतं, पण नुसत्या दगडात रोप जगणार कसं? मूठभर चांगल्या मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. या ढिगाऱ्यात त्यांचाच दुष्काळ.

नागपूरच्या 'नीरी' या संस्थेतल्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच आधी मातीकडे लक्ष दिलं. खड्डे खणून त्यांत ढिगाऱ्यातला मुरूम, थोडी माती आणि साखर कारखान्यातली प्रेसमड मिसळली. प्रेसमड म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा चोथट गाळ. कारखान्याला नकोसा, पण इथं सोन्यासारखा! त्यामुळे ओल टिकते आणि सूक्ष्म जीवांना खाऊ मिळतो.

मग ते जीवही आणले. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. रायझोबियम नावाचे जिवाणू शिसूसारख्या शेंगवर्गीय झाडांच्या मुळांत गाठी करून राहतात आणि तो नायट्रोजन झाडाला देतात. मायकोरायझा नावाची बुरशी तर मुळांना जणू लांबलचक धागेच जोडते. मुळं पोचत नाहीत तिथून ती फॉस्फरस आणते. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. देवाणघेवाण अगदी चोख!

अशा रीतीनं त्या ढिगाऱ्यावर साग, शिसू, बांबू वाढले. पानं गळली, कुजली आणि माती तिथंच तयार होऊ लागली.

आमच्या वर्गात एकानं विचारलं, "बाई, दुसरीकडची माती ट्रकनं आणून टाकली तर?" मग ती दुसरी जागा उघडी पडेल, नाही का? म्हणून तर खाण खणण्याआधी वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवावी, असा दंडक १९८८ च्या नियमांतच घालून दिला होता.

येत्या पावसाळ्यात भुईमुगाचं एक रोप अलगद उपटा. मुळं पाण्यात धुवा, बारीक गाठी दिसतील. एक नखानं फोडा. आतून गुलाबी निघाली, तर जिवाणू कामावर हजर आहेत!